ऐकणाऱ्या बाईचं पद मंजूर नाही



"ताई, आत्ता नको. मंगळवारी सांगते."

ठाकूरद्वार नाक्यापासून पाच-सात मिनिटांवर असलेल्या एका अनुदानित मराठी शाळेत, नववीतल्या एका मुलीनं मला हे सांगितलं तो मार्च महिन्यातला शेवटचा मंगळवार होता. शाळा सुटली होती. प्रयोगशाळेच्या मागची सामानाची खोली आम्हाला बसायला दिलेली होती, पण त्या दिवशी तिथे परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे होते. म्हणून आम्ही जिन्यात उभ्या राहून बोलत होतो. वरून शिपाईमामा उतरत होते, खालून दोन मुली येत होत्या. ती गप्प झाली, दप्तर सावरलं आणि पुढच्या मंगळवारचा वायदा करून निघून गेली.

पुढच्या मंगळवारी मी त्या शाळेत नव्हते. मी ज्या प्रकल्पात काम करत होते तो एका कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून चालायचा. तीन वर्षांची मुदत ३१ मार्चला संपली. मुदत वाढेल, असं आम्हाला शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगितलं जात होतं. ती वाढली नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी रजा काढून मुद्दाम गेले. ती दहावीत आली होती. मला पाहून ओळखीचं हसली आणि म्हणाली, "काही नाही ताई. विसरले मी."

विसरण्यासारखं असतं तर ती जिन्यात थांबली नसती. ती काय सांगणार होती हे मला आजही माहीत नाही.

ती ओळखू येऊ नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत, आणि तिच्याबद्दल याहून जास्त लिहिणारही नाही. माझं भांडण आहे ते सरकारच्या अनुदानाच्या नियमांशी. विषय रुक्ष आहे, मला मान्य आहे. 'शासन निर्णय', 'आकृतिबंध', 'संचमान्यता' हे शब्द ऐकले की आपल्या बैठकीत अर्ध्याजणी चहाला उठतात. पण बलात्काराच्या कायद्याच्या कलमांचा कीस आपणच पाडला ना? पोटगीचे आकडे आपणच मांडले ना? तसंच हेही समजून घ्यायला हवं. कारण त्या मुलीचा मंगळवार कुणा माणसाच्या दुष्टपणामुळे बुडालेला नाही, तो एका कोष्टकामुळे बुडाला. त्या कोष्टकात मुलींचं ऐकून घेण्यासाठी रकानाच नाही.

अनुदान कशाला मिळतं?

आपल्या राज्यातल्या खाजगी अनुदानित शाळेचा हिशेब साधारण असा चालतो. दरवर्षी पट मोजला जातो. अलीकडे तर आधार कार्ड जुळलेलीच मुलं त्यात धरली जातात. त्या पटावरून संचमान्यता होते, म्हणजे या शाळेला किती पदं मंजूर ते ठरतं. मंजूर पदावरच्या माणसाचा पगार सरकार देतं. ते झालं वेतन अनुदान. खडू, वीजबिल, झाडू, डागडुजी यांसाठी जे तुटपुंजं मिळतं ते वेतनेतर अनुदान. हे दुसरं अनुदान सरकारनं मध्यंतरी कित्येक वर्षं बंदच ठेवलं होतं. ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं.

मंजूर पदांच्या यादीत कोण असतं? मुख्याध्यापक, शिक्षक, कारकून, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, शिपाई. यातलीही पदं कमी करण्याचाच सरकारचा रोख आहे. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं शिपायाच्या नेमणुकीऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' देण्याची सोय काढली. मार्च २०२४ च्या निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या पदांवरच गदा आली. या यादीत समुपदेशक नाही. शालेय समाजकार्यकर्ती नाही. मानसशास्त्रज्ञ नाही. पद नाही म्हणजे पगार नाही, आणि वेतनेतर अनुदानातून माणूस नेमावा म्हटलं तर त्या पैशांत वीजबिलही धड भागत नाही.

केंद्राचा कायदा पाहा. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याच्या कलम २९ मध्ये फार सुंदर वाक्य आहे: मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त व्हावं आणि त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडता यावं, अशा आशयाचं. कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली. आता त्याच कायद्याच्या शेवटी जोडलेली अनुसूची उघडा. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० च्या वर मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांच्यासाठी अर्धवेळ निदेशक हवेत. भयमुक्त करण्यासाठी कोण हवं? कुणीच नाही. भय आपोआप जातं असा समज असावा.

ज्या शाळा फीवर चालतात त्यांचा प्रश्न वेगळा. केंद्रीय मंडळाच्या संलग्नतेच्या नियमांत समुपदेशकाची अट आहे, आणि फी घेणारी शाळा ती फीतून भागवते. म्हणजे याच शहरात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, एका शाळेत मुलीनं दार ठोठावलं तर आत कुणीतरी बसलेलं असतं. दुसऱ्या शाळेत दारच नसतं.

या दोन शाळांत कोण जातं हेही पाहू या. मी ज्या तीन शाळांत जात होते तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. भाऊ इंग्रजी माध्यमात, बहीण मराठीत. "त्याला पुढे नोकरी करायचीय ना ताई," असं आयाच सांगायच्या. गिरगावात मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत चालले आहेत हे सगळेच हळहळून सांगतात. पण उरलेल्या बाकांवर कोण बसलंय, हे कुणी मोजत नाही. मी पाहिलं ते असं: घरकाम करणाऱ्या बायांच्या मुली, चाळ पाडल्यामुळे संक्रमण शिबिरात गेलेल्या आणि तिथून रोज लोकल पकडून येणाऱ्या मुली, गावाहून मामाकडे शिकायला ठेवलेल्या मुली. ज्यांना ऐकणारं माणूस सगळ्यांत जास्त हवं त्यांच्याच शाळेत ते मंजूर नाही. हा योगायोग नाही, मैत्रिणींनो. घरात मुलीवर कमी खर्च करायचा हा जो नियम आहे, तोच सरकारनं कागदावर उतरवला आहे.

मग हे काम करतं कोण?

पद नाही म्हणून काम थांबलं आहे का? नाही. काम होतंच आहे, फक्त फुकट होतं आहे. आणि फुकटचं काम कोण करतं हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

पहिल्या त्या शाळेतल्या बाई. शिवणाच्या बाई, पी.टी.च्या बाई, मराठीच्या बाई. मुली त्यांनाच सांगतात. कुणाची पाळी चुकली, कुणी हातावर ब्लेड ओढलं, कुणाच्या घरी शेजारचा काका दुपारी येऊन बसतो, हे सगळं शिक्षिकांच्या खोलीच्या दाराशी हलक्या आवाजात बोललं जातं. एक बाई मला रात्री साडेदहाला फोन करायच्या. स्वतःच्या घरचं आवरून, सासूबाईंची औषधं देऊन, गॅलरीत येऊन बोलायच्या. "मी काय करू सांगा. मला काही शिकवलेलं नाही. ती रडते, मीही रडते." त्यांच्यावर कायद्याचा बडगाही आहे. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली आणि कळवली नाही तर तो गुन्हा आहे. कळवायला हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुलीनं एक वाक्य उच्चारल्यापासून पोलीस ठाण्याच्या बाकापर्यंत तिच्याबरोबर चालणारं शिकलेलं माणूस शाळेत नाही, आणि शिक्षा मात्र बाईंना. मग बाई काय करतात? काही जणी जिवाच्या करारावर उभ्या राहतात. बाकीच्या ऐकायचंच टाळतात. मुलगी जवळ आली की म्हणतात, "वर्गात जा, नंतर बोलू." त्यांना मी दोष देत नाही.

दुसरी आई. शाळेत काही झालं की चिठ्ठी आईला. सरकारी रुग्णालयाची ओपीडी सकाळची, म्हणजे आईचा खाडा. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं महिन्यातून तीन वेळा खाडा केला तर एक घर सुटतं. आणि तिथून परत आल्यावर वाक्य ठरलेलं असतं: "तुमचं लक्ष नाही का मुलीकडे?" बापाला हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

तिसऱ्या आम्ही. समाजकार्यात एम.ए. केलेल्या, आठवड्यातून एक दिवस एका शाळेत जाणाऱ्या, अकरा महिन्यांच्या करारावर मानधन घेणाऱ्या. पगार नव्हे, मानधन. या शब्दाबद्दल अंगणवाडीच्या आणि आशा भगिनी गेली कित्येक वर्षं भांडत आहेत. मान आणि धन यांपैकी कुठलंच पुरतं मिळत नाही. आम्हाला महिन्याला तक्ता भरून द्यावा लागायचा: किती मुलींना भेटलात, किती सत्रं घेतलीत, किती 'केसेस बंद' केल्यात. देणगीदाराला बंद झालेल्या केसेस आवडतात. त्या मुलीची केस मी कुठल्या रकान्यात लिहायची होती? ती उघडलीच नव्हती.

आदेश आहेत, पैसे नाहीत

सरकार काहीच करत नाही असं म्हणता येणार नाही. सरकार आदेश काढतं.

मार्च २०२२ मध्ये शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' स्थापन करण्याचा निर्णय झाला. नाव सावित्रीबाईंचं, काम समितीचं, पैसा कुणाचाच नाही. अनेक शाळांत ती फक्त फलकावर आहे. त्याआधी २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात ठरलं की प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, एक बाई आणि एक पुरुष, प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत करायचं. त्यांनी अकरा विषय शिकवायचे, त्यांतला एक भावनिक आणि मानसिक आरोग्य. म्हणजे जी बाई गणित शिकवते, निवडणुकीचं काम करते, पोषण आहाराची नोंद ठेवते, तीच आता तासाभरात मनही शिकवणार. ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू झाली, क्रमांक १४४१६. चांगली गोष्ट आहे, आपण तो क्रमांक मुलींना द्यावाच. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि घरात एकच फोन, तोही बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. त्यावरून ती कुणाला काय सांगणार?

मग ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींवर शाळेतच अत्याचार झाले, तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, शासन निर्णय निघाला. शाळांनी महिन्याभरात सीसीटीव्ही बसवावेत, नाही बसवले तर अनुदान रोखण्यापर्यंत किंवा परवानगी रद्द करण्यापर्यंत कारवाई होईल.

हे नीट वाचा. अनुदान रोखण्याची धमकी कॅमेऱ्यासाठी आहे. म्हणजे सरकारला अनुदानाच्या नियमाची ताकद माहीत आहे. ज्या गोष्टीचा त्याला खरोखर आग्रह असतो ती गोष्ट ते अनुदानाला बांधतं. कॅमेरा नसेल तर अनुदान थांबू शकतं. ऐकणारं माणूस नसेल तर कुणी विचारत नाही. कॅमेरा काय करतो? झालेलं दाखवतो, तेही शाळेच्या आवारात झालेलं. माझ्या अनुभवात मुलींना जे सांगायचं असतं त्यातलं बहुतेक घरी, शिकवणीच्या वाटेवर, चाळीच्या जिन्यात, नात्यातल्या माणसाकडून घडलेलं असतं. तिथे कुठला कॅमेरा लावणार?

आणि आता सर्वोच्च न्यायालय. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात, न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. त्यांत म्हटलं आहे की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा वा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावेत. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. वसतिगृहांत गळफास घेता येणार नाही असे पंखे बसवावेत.

निकाल मोठा आहे, आपण त्याचं स्वागतच करू. याच न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या त्याच अहवालात सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे: १,७६४. पण निकालात 'नेमा' असं आहे, 'सरकारनं पगार द्यावा' असं नाही. फी घेणारी शाळा नेमेल. अनुदानित शाळा काय करेल? मी एका मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. त्यांनी टेबलाच्या काचेखालची संचमान्यतेची प्रत दाखवली. म्हणाल्या, "यात कुठे बसवू सांगा." शेवटी काय होईल हे मला दिसतंय. एखाद्या शिक्षिकेचं नाव 'समुपदेशक' म्हणून कागदावर चढेल, तिचा बिल्ला छापला जाईल, तपासणी पार पडेल. न्यायालयाचा आदेश पाळला जाईल आणि जिना तसाच राहील.

हे मागणं नवं नाही

"हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याकडे आजी होती," असं एका सभेत मला एका गृहस्थांनी सुनावलं. त्यांना मी इथलाच इतिहास सांगितला.

ज्या रस्त्यावर ठाकूरद्वार नाका आहे त्याला जगन्नाथ शंकरशेठ यांचं नाव आहे. १८४८ मध्ये स्थापन झालेल्या स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीनं मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी आपल्या गिरगावातल्या वाड्यात त्यांना जागा दिली. तेव्हाही लोक म्हणाले होते की हे आपलं नव्हे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी मुलींना शिकवायला बाया हव्यात, शाळा तपासायला बाया हव्यात आणि बायकांना डॉक्टरकीचं शिक्षण मिळायला हवं, असं मागितलं. मुलीच्या शिक्षणात नुसत्या फळा-खडूनं भागत नाही, तिच्याशी बोलू शकेल असं माणूस त्या व्यवस्थेत हवं, हे त्यांना तेव्हा दिसलं होतं.

आणि १९३७ मध्ये, ठाकूरद्वारहून चालत जाता येईल अशा नागपाड्याला असलेल्या टाटांच्या समाजकार्य संस्थेनं देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. मुलांच्या मनाचा विचार करणारं पहिलं केंद्र याच शहरात निघालं. त्याला आता नव्वद वर्षं होत आली. आणि त्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या अनुदानित शाळेत अजून एक पद निर्माण झालेलं नाही.

सरकारला हे जमत नाही, असंही म्हणू नका. १९८४ मध्ये याच संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या छपराखाली, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती. तेव्हा किती जणांनी हसून घेतलं असेल! पुढे तो प्रयोग राज्यभर गेला आणि २००५ च्या सुमारास महिला व बालविकास विभागानं त्याची जबाबदारी घेतली. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झालं. मार खाऊन आलेल्या बाईच्या जखमेवर पट्टी बांधून झाल्यावर तिला "हे कुणी केलं?" असं विचारणारं माणूस महापालिकेच्या रुग्णालयात बसलं. तेही पुढे इतर रुग्णालयांत गेलं. हे आपोआप झालं नाही. बायकांच्या संघटनांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, पाठपुरावा केला, तेव्हा पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात ऐकणाऱ्या बाईसाठी खुर्ची ठेवली गेली. राहिली आहे ती शाळा. आपण तिथपर्यंत पोचलोच नाही, हे आपणही कबूल करायला हवं. आपण बाईला मार बसल्यावर भेटतो. ती चौदा वर्षांची असताना भेटत नाही.

आपल्याच मनातल्या शंका

या विषयावर आमच्या गटात बोलणं झालं तेव्हा तीन शंका निघाल्या. तिन्ही खऱ्या आहेत.

पहिली: समुपदेशन म्हणजे मुलीला जुळवून घ्यायला शिकवणं नव्हे का? वडील दारू पिऊन मारतात म्हणून मुलीचं लक्ष लागत नाही, तर तिला श्वासाचे व्यायाम शिकवायचे? ही शंका मला स्वतःलाच रोज येते. मी असे समुपदेशक पाहिले आहेत जे मुलीला म्हणाले, "आईला त्रास होईल असं वागू नकोस." म्हणून मी 'समुपदेशक' हा शब्द अपुरा मानते. समाजकार्यकर्ती हवी. तिनं मुलीचं ऐकावं, पण तिथे थांबू नये. घरी जावं, बालकल्याण समितीकडे जावं, रेशनकार्डाचं बघावं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा, गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जावं. मुलीच्या मनातलं दुःख आणि तिच्या घरातली व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे तिला शिकवलेलं असावं.

दुसरी: तिला पगार शाळा देणार, तर ती मुख्याध्यापकांचीच हेर होणार नाही का? होऊ शकते. मुलीनं सांगितलेलं दुपारपर्यंत शिक्षकांच्या खोलीत पोचलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. संस्थाचालकाच्या नात्यातलीच कुणीतरी त्या पदावर चिकटवली जाण्याचा धोकाही आहे. म्हणून नेमणूक एका शाळेची नको. जवळजवळच्या तीन-चार शाळांचा समूह करून त्यासाठी पद असावं आणि देखरेख शाळेबाहेरची असावी. ठाकूरद्वार ते चर्नी रोड या टप्प्यातल्या शाळा एकमेकींपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. एका बाईला पायी फिरता येईल.

तिसरी: पैसे कुठून आणायचे? हा प्रश्न कॅमेऱ्याच्या वेळी कुणी विचारला नव्हता. तो बायकांच्या कामाच्या वेळीच निघतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात तीन. प्रत्येक वर्गात तीन मुलांना खोकला असता तर डॉक्टर कुणाच्या पैशानं आणायचा यावर आपण वाद घातला असता का? आणि विकार नसलेलं पण घाबरलेलं मूल तर या आकड्यात येतही नाही.

एका कचेरीत मला सांगण्यात आलं की हा विषय शिक्षण खात्याचा नाही, आरोग्याचा आहे. आरोग्याच्या माणसानं सांगितलं की मुलांचं संरक्षण महिला व बालविकासकडे. तिथे सांगितलं की शाळेच्या आत जायला शिक्षण खात्याची परवानगी लागते. मी तीन जिने चढले आणि उतरले. मुलगी एकच आहे, तिचे तुकडे मात्र तीन खात्यांत वाटलेले आहेत.

काय मागायचं?

मागण्या साध्या आहेत, आणि मी त्या मुद्दाम सरकारी भाषेत मांडते, म्हणजे त्यांना कळलं नाही असं म्हणता येणार नाही.

एक. अनुदानित शाळांच्या आकृतिबंधात शालेय समाजकार्यकर्ती हे पद वेतन अनुदानासह मंजूर करावं. पूर्ण वेतनश्रेणीचं पद, मानधनाचं नाही, अकरा महिन्यांचं नाही.

दोन. १०० पेक्षा कमी पटाच्या शाळांना वाऱ्यावर सोडू नये. पट घटला म्हणून शिक्षक जातो, तसं हे पद जाऊ नये. शाळासमूह धरून पद मोजावं.

तीन. शाळेत दार बंद होईल अशी एक खोली असावी. तिच्यासाठी वेतनेतर अनुदानात वेगळी तरतूद असावी. सामानाची खोली चालणार नाही.

चार. शिक्षिकेवर हे काम लादू नये. तिला प्रशिक्षण जरूर द्यावं, पण ते ओळखण्याचं आणि पुढे पोचवण्याचं. तिचे तास त्यात धरावेत.

पाच. कॅमेऱ्याचा नियम जसा अनुदानाला बांधला, तसाच हाही बांधावा. पण उलट्या दिशेनं. आधी सरकारनं पैसे द्यावेत, मग शाळेला जाब विचारावा.

आणि आपलं काम? आपापल्या वस्तीतल्या अनुदानित शाळेत जा. मुख्याध्यापिकेला भेटा, भांडायला नको, ती आपल्याच बाजूची आहे. संचमान्यतेची प्रत मागा. सखी सावित्री समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. न्यायालयाच्या सूचनेप्रमाणे कुणाला नेमलं आणि त्या व्यक्तीचा पगार कोण देतं, हे माहितीच्या अधिकारात शिक्षण निरीक्षकांना विचारा. उत्तरं गोळा करून आणा. पुढच्या बैठकीत ती एकत्र ठेवू आणि शिक्षण आयुक्तांकडे जाऊ. शिक्षकांच्या संघटनांनाही बरोबर घेऊ, कारण ही मागणी त्यांच्या पदांच्या विरोधात नाही, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारी आहे.

ठाकूरद्वारला आता जमिनीखालून मेट्रो जाते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गिरगाव स्टेशन सुरू झालं. त्यासाठी जुन्या इमारती रिकाम्या झाल्या, माणसं हलली, पैसा उभा राहिला. ज्या गोष्टीची गरज आहे असं ठरतं तिच्यासाठी जमीनसुद्धा खणता येते. मी तर एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला होणारा एका बाईचा पगार मागते आहे.

ती मुलगी आता कॉलेजात असेल. मी तिला पुन्हा विचारायला जाणार नाही, तो हक्क मी गमावला. पण आज नववीत दुसरी कुणीतरी आहे आणि तिच्याही मनात काहीतरी आहे. तिला मंगळवारची वाट पाहायला लागू नये, आणि मंगळवारी कुणी नाही असंही होऊ नये. त्यासाठी हे पद मंजूर करून घेऊ या.